साध्या रंगाची चौल

“खुर्चीपासून खिडकीपर्यंत जाऊन यायचं,” मी म्हणाले. “आधी वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला.”

“खिडकीत काय आहे?” टिपणीस काकांनी विचारलं.

“काही नाही. अंतर बरोबर आहे.”

“मग नाही उठत मी. काही नाही तिथे जायला एवढं दुखणं कशाला काढू?” त्यांनी बोळाच्या टोकाच्या बंद दाराकडे बोट केलं. “त्या खोलीपर्यंत ने. तिथपर्यंत येतो.”

“तिथे काय आहे?”

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, “तिला आधी सांगा काय ते. नाहीतर त्या परवाच्या नर्ससारखी पर्स इथेच टाकून पळेल.”

काकांनी माझ्याकडे बघितलं. “साप आहेत,” ते म्हणाले. “पण गरीब आहेत.”

मी अंजनगावची. आमच्या घरी साप निघाला की मोठे बाबा काठी शोधायचे आणि आम्ही पोरं पलंगावर चढून ओरडायचो. फिजिओथेरपी शिकले, साउथ कॅरोलिनात येऊन नोकरीला लागले, तरी साप म्हटलं की पाय वर घ्यावेसे वाटायचे. पण रुग्ण आपल्या मनाने कुठे जायला निघाला तर त्याला अडवायचं नाही, हे आमच्या कामात पहिल्यांदा शिकतात. मी काकांच्या कमरेला जाड कापडी पट्टा बांधला, मागून तो घट्ट धरला आणि म्हणाले, “चला.”

माझं काम घरोघरी जाऊन रुग्णांना चालवायचं. खुब्याचं हाड मोडून, शस्त्रक्रिया होऊन घरी परतलेला हा म्हातारा मराठी आहे म्हणून आमच्या मॅनेजरबाईंनी तो मुद्दाम माझ्या वाट्याला दिला होता. त्यांना वाटलं मला बरं वाटेल. वाटलंही. त्या गावात पाइनची झाडं, चर्च आणि पेट्रोल पंप सोडून फारसं काही नव्हतं. आणि त्या घराच्या दारात पाऊल टाकलं की हिंग-जिऱ्याच्या फोडणीचा वास यायचा.

खोलीत भिंतीला लागून फडताळ होतं आणि त्यात प्लास्टिकच्या पारदर्शक डब्यांच्या तीन रांगा. दोन रांगा वर, एक खाली जमिनीलगत. प्रत्येक डब्यात लाकडाचा भुसा, पाण्याची वाटी, लपायला सालपटाचा तुकडा. डब्यांवर काकांच्या अक्षरात नावं होती: रोहा, पेण, नागोठणे, महाड, चौल.

“हे काय, एस.टी. स्टँड आहे का?” मी म्हणाले.

काका इतके हसले की मला पट्टा दोन्ही हातांनी धरावा लागला. ते मूळचे रोह्याचे. इंजिनीअर होऊन इकडे आले आणि राज्याच्या रस्ते खात्यात लागले. जास्पर काउंटीतला एक रस्ता रुंद करताना जुनं लाकडी घर पाडलं, तेव्हा त्याच्या पत्र्याखाली त्यांना ही पहिली जोडी सापडली होती. “माणसं काठ्या शोधत होती,” काका म्हणाले, “आणि मी जेवणाचा डबा रिकामा करत होतो.”

त्यांनी मला ‘पेण’चा डबा उघडायला सांगितलं. मी नाही म्हणाले. त्यांनी आग्रह केला नाही. वॉकरवर रेलून, एका हाताने त्यांनी स्वतःच झाकण सरकवलं, आणि भुशातून एक मादी सावकाश वर आली.

मी तोवर साप कधी नीट पाहिलाच नव्हता. पळताना पाहिला होता, मेलेला पाहिला होता. ही दीड-पावणेदोन हात लांब असेल. पाठ केशरी आणि गेरू यांच्या मधल्या रंगाची. त्यावर ओळीने डाळिंबी ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याला काजळाची कड. काकांनी तिला किंचित कलतं केलं तर पोट पांढरं-काळं, चौकटी-चौकटीचं, जुन्या रंगीत मक्याच्या कणसासारखं. इकडे याला मक्याचा सापच म्हणतात, कॉर्न स्नेक. विषारी नसतो. कुणी म्हणतं पोटावरून नाव पडलं, कुणी म्हणतं मक्याच्या कोठारात उंदरांमागे यायचा म्हणून.

“किती सुरेख आहे,” माझ्या तोंडून गेलं.

“पाहुणी म्हणून म्हणतेस की खरंच?”

“खरंच.”

“मग तू थोड्या लोकांतली. बाजारात हिला ‘नॉर्मल’ म्हणतात. सगळ्यांत स्वस्त माल. लोकांना पांढरा हवा, पिवळा हवा, गुलाबी हवा. आता तर जांभळटही निघालेत. तेही छान असतात, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण ते माणसाने निवडून निवडून काढलेले रंग. हा रंग इथल्या जंगलाने काढलाय. पाइनच्या वाळल्या पानांवर हिला सोड, समोर असून दिसणार नाही.” त्यांनी तिच्या पाठीवरून बोट फिरवलं. “आणि हा रंग वाट बघायला लावतो. जन्मतं तेव्हा पिल्लू राखाडी असतं, बघावंसं वाटत नाही. खाऊ घाला, कात टाकू द्या, दोन-तीन वर्षं काढा. मग एका कातीखालून हा असा केशरी वर येतो. बाजाराला तेवढा धीर नाही.”

पस्तीस वर्षं त्यांनी हा एकच वंश राखला होता. त्याच भागात पकडलेले साप, त्यांची पिल्लं, त्या पिल्लांची पिल्लं. बाहेरचा एकही साप त्यात येऊ दिला नव्हता. पिल्लं शाळांना द्यायचे, ओळखीच्यांना द्यायचे.

खुबा मोडला तोही याच पायी. जूनमध्ये एका मादीने अंडी घातली. ती भुशातून काढून उबवणीच्या पेटीत ठेवायला काका निघाले आणि खोलीतल्याच सतरंजीत पाय अडकला. सापाची अंडी कोंबडीच्या अंड्यांसारखी उलटीपालटी करून चालत नाहीत, आतलं पिल्लू मरतं. काका पडले ते डबा दोन्ही हातांनी सपाट धरून. हात टेकला असता तर कदाचित मनगटावर निभावलं असतं.

“अंडी वाचली?” मी विचारलं.

“सगळी,” ते म्हणाले, जसा नातवाचा निकाल सांगावा.

त्यानंतर आठवड्यातून तीनदा मी जायला लागले. बोळातून खोलीपर्यंत आणि परत, हाच आमचा रस्ता. काकूंशीही गट्टी जमली. कुमुद काकू माहेरच्या गोखले, वाईच्या. टिपणिसांशी लग्न ठरवलं तेव्हा घरात दोन महिने कुणी बोललं नव्हतं. “मी जन्मात कोळंबीला हात लावला नव्हता,” त्या मला चहा देताना म्हणाल्या. “यांच्यासाठी सोलायला शिकले. आता बघ, उंदीर वितळवते.” काका पडल्यापासून सापांना खाऊ घालायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. गॅरेजमध्ये गोठवलेल्या उंदरांचा फ्रीज होता. त्या लांब चिमट्याने उंदीर धरायच्या, तोंड दुसरीकडे वळवायच्या आणि डब्यात सोडायच्या.

“तिला साप आवडत नाहीत,” काका माझ्याजवळ हळू आवाजात म्हणाले होते. “पस्तीस वर्षांत तिने एकाकडेही धड बघितलेलं नाही. चालवून घेते, हेच खूप.”

आता मात्र हे सगळं आवरत आलं होतं. त्यांची मुलगी मेधा ह्यूस्टनला होती. खुबा मोडल्यावर तिने निक्षून सांगितलं की दोघांनी तिच्याजवळ राहायला यायचं. घर विकायला काढलं होतं. आणि जवळच्या शहरातल्या एका लहानशा निसर्ग-संग्रहालयाच्या हॅरिएट नावाच्या बाई काकांचे साप न्यायला ऑगस्टअखेर येणार होत्या. इथल्याच जंगलातले, मूळ रंगाचे, कुठलीही भेसळ नसलेले साप त्यांना मुलांना दाखवायला आणि पुढे वाढवायला हवे होते. कित्येक वर्षं त्या शोधत होत्या. काकांनी शब्द दिला होता.

ऑगस्टच्या मध्याला अंडी फुटायला लागली.

त्या दिवशी मी पोचले तेव्हा काका आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. सकाळी त्यांना थोडं चक्कर आल्यासारखं झालं होतं. काकूंनी मला खुणेने खोलीत बोलावलं. उबवणीच्या पेटीत दहा-बारा अंडी होती. पांढरी, कातड्यासारखी, सुरकुतलेली. बऱ्याच अंड्यांना ब्लेडने कापल्यासारख्या चिरा पडल्या होत्या आणि चिरांतून इवलाली डोकी बाहेर आली होती. पिल्लू असं डोकं काढून बराच वेळ नुसतं बघत बसतं, पुरतं बाहेर यायला दिवसही लावतं. सगळी राखाडी, काकांनी सांगितली होती तशीच.

कोपऱ्यातल्या अंड्यातून निघालेलं डोकं मात्र गुलाबी होतं. डोळे लाल.

“अय्या, हे काय?” मी म्हणाले.

काकूंनी पेटीचं झाकण लावलं. “चल,” त्या म्हणाल्या आणि मला मागच्या दाराने अंगणात घेऊन गेल्या.

“ही अंडी चौलची आहेत,” त्या म्हणाल्या. “आणि ती चौल नाही.”

मला काही कळेना. त्या पायरीवर बसल्या.

सहा-सात वर्षांपूर्वी काकांची बायपास झाली होती. तीन आठवडे ते सव्हानाच्या इस्पितळात होते. काकू दिवसा तिथे, रात्री घरी येऊन सापांचं पाणी बदलायच्या. एका सकाळी चौल डब्यात सरळ पडलेली दिसली. “साप कधी सरळ पडत नाही गं. बघितल्याबरोबर समजलं.” का मेली ते शेवटपर्यंत कळलं नाही. काकूंना वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. उष्णतेचं बटण असेल, पाणी असेल. चौल काकांची सगळ्यांत लाडकी. तिला त्यांनी रस्त्याकडेच्या चरातून स्वतःच्या हाताने उचलून आणलं होतं. छातीला टाके पडलेला माणूस, त्याला जाऊन सांगायचं कसं?

“मी तिला मागे पुरली. आणि त्या शनिवारी इथल्या राजधानीला, कोलंबियाला गेले. तिथे सापांचं प्रदर्शन भरतं, विक्रीचं. तिथून एक तशीच मादी आणली आणि चौलच्या डब्यात ठेवली.”

“काकांना कळलं नाही?”

“घरी आले, डब्यात वाकून बघितलं आणि म्हणाले, ‘चौल जाडी झाली गं.’ बस. मी देवाजवळ साखर ठेवली.”

मग काकूंनी मला समजावून सांगितलं. इतक्या वर्षांत काकांच्या फोनवरच्या गप्पा ऐकून ऐकून त्यांना ते पाठ झालं होतं. असा गुलाबी रंग एकदम उगवत नाही. आई आणि बाप दोघांकडून तो आत लपून यावा लागतो, तेव्हाच पिल्लात दिसतो. बाजारातल्या सापांत तो सगळीकडे मिसळलेला असतो, अगदी वरून साध्या दिसणाऱ्यांतही. काकांच्या जंगली वंशात पस्तीस वर्षांत तो एकदाही निघाला नव्हता.

“म्हणजे बाप पण...”

“बाप हिच्याच पोटचा असणार. म्हणजे हिची पिल्लं वाढली, आणि या वर्षांत ती कुठल्या कुठल्या डब्यांत गेली देव जाणे. मी कधी विचारलं नाही. सगळा वंश बाटला असेल, वर्षा. आणि बारा दिवसांनी ती बाई येणार, आणि हे तिला सांगणार की एकही बाहेरचा नाही.” त्यांनी पदराने डोळे पुसले. “जी अंडी वाचवायला यांनी कंबर मोडून घेतली, तीच खोटी निघाली.”

मी त्यांच्या शेजारी बसले. अंगणात पाइनची वाळकी पानं पसरली होती, कुणीतरी केशरी रांगोळी सांडावी तशी.

“ते एक पिल्लू मी घेऊन जाऊ का?” मी विचारलं. “ते नसलं तर कुणाला काही कळणार नाही.”

हा विचार त्यांच्याही मनात येऊन गेला असणार, कारण त्यांनी एकदा मागच्या दाराकडे वळून बघितलं.

“नको,” शेवटी त्या म्हणाल्या. “माझ्यापाशी राहिलं तोवर ठीक होतं. त्या बाईला फसवायचं नाही. आणि यांच्या तोंडून तर नाहीच नाही. हे जन्मात खोटं बोललेले नाहीत.” त्या उठल्या. “मी सांगते त्यांना. आत्ताच सांगते. पण तू जवळ उभी राहा. त्यांचं काळीज आधीच एकदा कापलेलं आहे. पडले तर धर.”

“बसलेले असताना सांगा ना.”

“बसून माझ्याकडे बघत राहिले तर माझ्याच्याने होणार नाही. चालताना त्यांची पाठ असते.”

मी काकांना उठवलं, रक्तदाब बघितला, दोन घोट पाणी दिलं. त्यांना आता बरं वाटत होतं. पिल्लं निघाल्याचं ऐकून तर ते माझ्या आधीच वॉकर धरून उभे राहिले. मी पट्टा बांधला. आम्ही बोळातून निघालो, पुढे काका, मागे मी, माझ्या मागे काकू.

अर्ध्या बोळात काकू म्हणाल्या, “अहो, मला एक सांगायचंय.”

“सांग की.”

“ती चौल नाही.”

काका थांबले. मी पट्टा घट्ट आवळला. माणसाला धक्का बसला की तो आधी पट्ट्यातून हाताला कळतो. गुडघा ढिला पडतो, वजन मागे येतं, चेहऱ्यावर काही दिसायच्या आत. मी वजन झेलायला पाय रोवून उभी राहिले.

काहीच आलं नाही. काका खांबासारखे स्थिर होते.

काकू बोलत सुटल्या. सरळ पडलेली चौल, कोलंबिया, प्रदर्शन, गुलाबी पिल्लू, हॅरिएट. सगळं उलटसुलट. काका वॉकर धरून समोरच्या भिंतीकडे बघत ऐकत होते. काकूंचं सांगून संपल्यावर ते म्हणाले, “मला माहीत आहे, कुमुद.”

“काय माहीत आहे?”

“ती चौल नाही ते. चौलचा मानेपासूनचा तिसरा ठिपका डावीकडे फुटलेला होता. हिचा अखंड आहे. इस्पितळातून आलो त्याच संध्याकाळी बघितलं मी.”

“मग बोलला का नाहीत?” काकूंचा आवाज चिरकला. “सात वर्षं मी...”

“काय बोलणार होतो? आधी थोडा वेळ राग आला. चौल गेली म्हणून वाईटही वाटलं.” ते वळायला लागले. वॉकरसकट वळणं त्यांना अजून जड जायचं. मी त्यांना धरून काकूंकडे तोंड करून उभं केलं. “मग रात्री झोप लागेना, तेव्हा विचार करत पडलो. तू हायवेवर गाडी घालत नाहीस. मेधाच्या पदवीदान समारंभालाही तू मागच्या रस्त्यांनी गेलीस. आणि तू कोलंबियाला गेलीस. एकटी.”

“मग काय करणार होते?”

“तेही जाऊ दे. त्या प्रदर्शनात मी गेलोय, कुमुद. हॉलभर टेबलं, हजारो साप. सगळे रंगीत. विकणारे तू बाई बघून तुझ्या हातात गुलाबी, पांढरेच देत असणार.”

“देत होते तर. ‘मॅडम, हा बघा, हा सुंदर आहे.’” काकू रडता रडता म्हणाल्या. “संध्याकाळ होत आली तरी मिळेना. साधे कुणी ठेवलेलेच नव्हते. एक-दोन होते, त्यांची कड बारीक. एकीचा केशरी फारच भडक, रंगवल्यासारखा. एकीचं डोकं आपल्यासारखं नव्हतं. शेवटी एका पोराच्या टेबलाखाली टोपलीत ही होती. तो म्हणाला, ही नॉर्मल आहे, हिला कोण घेणार.”

“आणि तू घेतलीस.”

“कारण तीच तशी होती.”

काका काकूंकडे बघत राहिले. मी पट्टा धरून दोघांच्या मध्ये उभी होते आणि मला तिथून नाहीसं व्हावंसं वाटत होतं. पण सोडता येत नव्हतं.

“इतकी तशी होती,” काका हळूच म्हणाले, “की ठिपका मोजला नसता तर मीही फसलो असतो. मला वाटायचं, तू या सापांकडे कधी पाहिलंच नाहीस. न पाहता अशी मादी निवडता येत नाही, कुमुद. कडेची जाडी, डोक्यावरची नक्षी. हे मला शिकायला दहा वर्षं लागली होती.”

काकू बोळातल्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

“त्या रात्री ठरवलं, हिला काढायची नाही. हिची पिल्लंही वरच्या रांगांत जाऊ द्यायची नाहीत. खालची रांग म्हणजे फक्त ही आणि हिची पोरं. हॅरिएटला वरच्या दोनच रांगा द्यायच्या, हे तिला मी पहिल्याच फोनला सांगितलंय.”

“आणि खालची?”

“ती ह्यूस्टनला आपल्याबरोबर. मेधाला विचारलंय. ती म्हणाली, गॅरेजमध्ये ठेवा, पण आईला पटतंय का बघा. म्हणून थांबलो होतो. तुला कसं विचारावं कळत नव्हतं.”

मग एकदम त्यांना आठवलं. “गुलाबी निघालंय म्हणालीस? खरंच? तिच्या पोटात ते होतं तर! चला, बघू दे मला.” आणि ते वॉकर पुढे टाकून असे निघाले की मला जवळजवळ धावावं लागलं.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात हॅरिएट आल्या. त्या दिवशी मला त्यांच्याकडे जायचं नव्हतं, पण मी रजा घेऊन गेले. उंच, उन्हाने रापलेल्या बाई, बोलणं कमी. त्यांनी वरच्या रांगांतला एकेक डबा उघडून बघितला आणि दर वेळी नुसता श्वास सोडला. गुलाबी पिल्लू काकूंनी खालच्या रांगेत वेगळ्या डब्यात ठेवलं होतं. तेही त्यांनी पाहिलं आणि काकांनी न विचारताच त्यांना सगळं सांगितलं, बायकोचं नाव घेऊन. हॅरिएट काकूंकडे बघून म्हणाल्या, “तुमची नजर चांगली आहे.” काकू लाजल्या आणि चहा आणायला गेल्या.

काका तोवर काठीवर आले होते. फडताळाला टेकून, हॅरिएटची माणसं डबे गाडीत नेत होती ते बघत होते. मी त्यांच्याजवळ उभी राहिले.

शेवटचे काही डबे उरले तेव्हा हॅरिएटनी विचारलं, “प्रवेशाजवळच्या मोठ्या काचेच्या पेटीत एकच साप ठेवायचा झाला, मूळ रंगाचा नमुना म्हणून, तर कुठला ठेवू?”

“पेण,” काका म्हणाले, क्षणभरही न थांबता.

काकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. “नाही, रोहा ठेवा,” त्या इंग्रजीत म्हणाल्या.

काकांनी मान वळवली. मग मराठीत म्हणाले, “रोहा? रोहा कशी? पेणची पाठ बघ.”

“पाठ छान आहे. पण मानेजवळ रंग मळकट आहे तिचा.”

“मळकट?”

“मळकटच. सकाळच्या उजेडात बघा. रोहाचा केशरी शेपटीपर्यंत एकसारखा उतरलाय. आणि तिच्या कडा बघितल्यात? काजळाच्या डबीत बोट बुडवून काढल्यासारख्या आहेत.”

“मळकट नाही तो! गेरूची झाक आहे ती. जंगलातली जी असते ना, तिला मानेशी ती झाक असतेच.”

“असते, पण म्हणून नमुन्याला तीच ठेवायची का? येणाऱ्या पोराला पहिल्या नजरेत रंग दिसायला हवा.”

“पहिल्या नजरेत म्हणजे पुन्हा बाजारच झाला की!”

“बाजार काय त्यात? तुम्हाला ती स्वतः पकडली म्हणून आवडते!”

चहा गार होत होता. काकूंनी ट्रे कधीच फडताळाच्या रिकाम्या फळीवर ठेवला होता, आणि आता त्या ‘पेण’चा डबा स्वतःच्या हाताने उघडत होत्या. तोंड न वळवता. काका काठी टाकून त्यांच्याजवळ सरकले आणि दोघांनी त्या मादीवर एकदमच मान झुकवली.

हॅरिएट माझ्याकडे वळल्या. “काही चुकलं का?” त्यांनी हळूच विचारलं. “भांडताहेत का ते?”

“हो,” मी म्हणाले. “थोडा वेळ लागेल.”